आहुप्याची पडकई खाडीच्या चिखलात

माझ्या ब्लॉगवर एक तक्रार हमखास येते. मी उठता-बसता आमच्या घाटमाथ्याचंच कौतुक करते, खाली कोकण आहे, समुद्र आहे, याचा मला पत्ताच नाही म्हणे. तर घ्या. या वर्षी मे महिन्यात मी खाली उतरले, आणि एकटी नाही, अख्खी पडकई घेऊन. कौतुक मात्र याही वेळी घाटमाथ्याचंच होणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

पडकई म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, भाताची खाचरं आहेत. एखाद्याच्या खाचराचं मोठं काम निघालं, बांध रचायचा, दगड हलवायचे, माती ओढायची, की सगळी वाडी जाते. मजुरी कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. ज्याचं काम त्याने पोटभर जेवू घालायचं. मी राहते शिनोलीला आणि मंचरच्या एका संगणक वर्गात शिकवते, पण माझं आजोळ आहुप्याचं. त्यामुळे पडकईत घमेलं उचलून माझेही खांदे दुखलेले आहेत.

मार्चमध्ये माझ्या मामेबहिणीचा, सुमनचा फोन आला. आहुप्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिचे सगळे फोन माझ्याकडे येतात. सुमन वसईच्या खाडीकाठी दिली आहे. नवरा भिवंडीला कारखान्यात जातो. शेत बघतात सुमन आणि तिची सासू जनाबाई. शेत म्हणजे खार जमीन. खाडीचं पाणी मातीच्या बांधाने बाहेर अडवायचं आणि आत पावसाच्या पाण्यावर भात काढायचं. गेल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीने तो बांध फोडला, खारं पाणी आत शिरलं आणि भात उभ्या उभ्या करपलं. आजूबाजूच्यांनी तर आधीच आपली शेतं कोळंबीच्या तळ्यांना देऊन टाकली होती. तळेवाला आता जनाबाईंच्या ओट्यावर येऊन बसायला लागला होता.

"आत्यांनी सांगून टाकलंय," सुमन सासूबद्दल म्हणाली. "या पावसाळ्यात बांध टिकला तर शेत राहील. फुटला तर दिवाळीला तळेवाल्याला देणार. ताई, एकदा तळं झालं की तिथं परत भात नाही गं होत."

बांध फुटण्याचं कारणही तिला ठाऊक होतं. बांधाच्या बाहेर पूर्वी कांदळवनाची दाट पट्टी होती, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं जंगल. लाट त्या झाडांवर आपटून दमायची आणि मग बांधाला लागायची. लोकांनी सरपणाला तोडून तोडून ती पट्टी संपवली. सुमनला बांध नीट बांधून घ्यायचा होता आणि बाहेर पुन्हा कांदळ लावायचे होते. पण गावात हात नव्हते. ज्यांची शेतं तळ्यांत गेली ते कशाला दुसऱ्याचा बांध घालायला येतील?

मी रविवारी आहुप्याला गेले. धोंडूमामा, सुमनचा बाप, अंगणात हिरडा वाळत घालत होता. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चिखूल कसला हाय तितला?"

"भाताच्या खाचरासारखाच, पण खारा."

"मंग काय! पडकई करू की."

"आन हिरडा कोण गोळा करील?" मामीने आतून विचारलं. हिरडा हे आहुप्याचं रोख पीक, आणि हंगाम नेमका तोच.

"हिरडा फुडल्या साली बी येतुया. पोरीचं शेत येनार न्हाई," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मामीनेच वाडीत फिरून माणसं जमवली.

उतरण

ज्यांना ही वाट करायची आहे त्यांच्यासाठी थोडं नीट लिहिते. घोडेगावहून आहुप्याला एसटी जाते, पण तिच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी स्टँडवर विचारा. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत रस्ता वर चढतो. आहुप्यात मुक्काम करून भल्या सकाळी आहुपे घाट उतरायचा. पायवाट जुनी आणि ठळक आहे, पण वरचा टप्पा उभा आहे आणि मे महिन्यात वाटेत पाण्याचा थेंब नाही. पाणी वरूनच भरून घ्या. निघण्याआधी देवराई बघा. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, आणि आत शिरलं की भर उन्हाळ्यात अंगावर शहारा येतो.

आम्ही फावडी, पहारी, घमेली आणि नाचणीच्या भाकऱ्यांची गाठोडी घेऊन उतरलो. बायका पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, कारण संगणकासमोर बसून बसून माझे गुडघे शिनोलीचेही राहिलेले नाहीत. कड्याच्या टोकावर मामा थांबला. हात लांब करून म्हणाला, "ह्या अंगाचं पानी भीमेला जातं. त्या अंगाचं खाली पडतं, आन खाडीला जातं. पोरगी पान्याच्याच वाटनं गेली आपली." हे वाक्य मी मनात नीट घडी घालून ठेवलं.

खाली खोपिवलीला जीप मिळते, तिथून मुरबाड, मुरबाडहून एसटीने कल्याण, पुढे भिवंडी आणि मग सहा आसनी रिक्षा. तिकीट कुठेच भारी नाही, पण वेळ दिवसभराचा धरा. मुरबाड स्टँडवरची भजी चांगली आहेत, चहा मात्र नुसता गोड. एसटीत आमच्या पहारी बघून कंडक्टर वैतागला.

"कुठल्या रस्त्याचं काम हाय, भाऊ?"

"रस्त्याचं न्हाई," मामा म्हणाला. "पावनं जेवाय चाललोय."

सुमनच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी गाड्या भरून माणसं येतील आणि वेफर्सच्या पिशव्या चिखलात टाकून जातील. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी मला विचारावं, मी माणूस बघून सांगेन.

पोहोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. जनाबाई ओट्यावर उभ्या होत्या. काटक बाई, कासोटा घातलेला, नजर सरळ. पहारींकडे बघत म्हणाल्या, "लगनाला आलाव का लढाईला?"

"पडकईला आलोय, विहीनबाय," मामाने सांगितलं आणि पडकई म्हणजे काय ते समजावलं.

त्यांनी ऐकून घेतलं. जेवायला तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण होतं, आग्रह तर विचारू नका. पण हात धुताना त्या सुमनला जे म्हणाल्या ते मी ऐकलं. "मानसा चांगली हान गो. पन डोंगरातली. भरती-ओहोटी कवा बघितली त्यांनी? झारा लावतील नि जातील, नि पानी सगला उपटून नेईल." (त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो; झारा म्हणजे झाडं.)

मला राग आला. आमची माणसं उभ्या डोंगरात दगडावर दगड रचून भात पिकवतात, आणि यांना शंका येते! पण लेकीच्या सासरी तोंड आवरायचं असतं. मी कालवण परत वाढून घेतलं.

खाडीतलं रान

दुसऱ्या दिवशी पुरुष बांधावर गेले. फुटलेल्या जागी तळाला दगड बसवून वर चिकण माती घालायची, असं मामाने ठरवलं. सुमनने मला होडीत घेतलं आणि खाडीच्या तोंडाकडे नेलं, जिथे जुनं कांदळवन अजून शिल्लक आहे.

मी रानात वाढलेली बाई आहे, पण असलं रान बघितलं नव्हतं. काठाला पाण्यातच कांदळ उभे. त्यांच्या खोडातून मुळ्या बाहेर फुटून चहूबाजूंनी वाकून चिखलात रुतलेल्या, जणू झाड कंबरेवर हात ठेवून भांडायला उभं आहे. त्यांच्या मागे तिवरांची गर्दी. तिवराच्या मुळ्या उलट्या, चिखलातून बोटं वर काढलेल्या, पाऊल टाकायला जागा नाही. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या बोटांनी श्वास घेतं, असं सुमनने सांगितलं. सुमन सातवीत भूगोलात नापास झालेली मुलगी, आता मला भूगोल शिकवत होती आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

"तिवराचं पान चाटून बघ," ती म्हणाली.

मी चाटलं. खारट! पाण्यातलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. आणखी वर, जिथे पाणी क्वचित पोहोचतं, तिथे मारंडीची काटेरी झुडपं आणि अगदी बांधाच्या अंगाला मिरजोलीची झाडं. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाला रोज दोनदा भिजायचं आहे, कुणाला पंधरवड्यातून एकदा उधाणाचं पाणी लागलं तरी पुरे. आमच्या देवराईत जशी अंजनी उंच झाडांखाली नांदते आणि वेल आपली वाट काढतो, तसंच इथेही, फक्त तळाशी जमिनीऐवजी चिखल आणि वर दिवसातून दोनदा समुद्र. निवटे नावाचे मासे त्या चिखलावर उड्या मारत होते. संध्याकाळी त्यांचंच कालवण खाल्लं, ते वेगळं.

कांदळाच्या फांद्यांना हातभर लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या. दिसायला शेंग, पण ते असतं झाडाचं पोरच. बी झाडावरच रुजतं, आईच्या अंगावर वाढतं आणि पिकलं की टोपी सोडून खाली पडतं. सरळ चिखलात रुतलं तर तिथंच, नाहीतर तरंगत जाऊन जिथे टेकेल तिथे. सुमनने पंधरवडाभर अशा शेंगा गोळा करून पडवीत ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या होत्या. हाताला लागल्या तशा तोडलेल्या, त्यामुळे कच्च्या-पक्क्या एकत्र. त्या निवडायच्या राहिल्या होत्या.

निवडायचं म्हटल्यावर मामी पुढे आली. हे जरा सांगायला हवं. हिवाळा-उन्हाळ्यात आमच्याकडच्या बायका खाली ओतूरकडे कांद्याच्या कामाला जातात. मोठमोठ्या कांदाचाळी, त्यात ढिगाला बसून कांदा निवडायचा: चांगला एकीकडे, सडका आणि कोंब आलेला दुसरीकडे. माझ्या मामीचा हात त्यात असा चालतो की ओतूरचे बागायतदार तिला आधी सांगावा धाडतात. ती न बघता, नुसत्या बोटांनी कोंब ओळखते. सुमन होडीत पुन्हा पिकल्या शेंगा शोधायला गेली (एकही मिळाली नाही), मी बांधावर माती ओढायला गेले, जनाबाई चुलीपाशी, आणि मामी पडवीत ढिगापुढे बसली. "सांजच्या आत सारं चकाचक करते," म्हणाली, आणि केलंही. दिवे लागायच्या आत दोन ढीग झाले. टाकायचा माल घरापाशी ठेवायची तिला सवय नाही, म्हणून पाट्या भरभरून बांधावरून खाडीत ओतून आली. भरती पूर्ण चढलेली होती. हात धुऊन ती जेवायला बसली तेव्हा केलेल्या कामाने तिचं तोंड उजळलं होतं.

कोंब

सकाळी सुमनने गोणपाट उचललं आणि दोन्ही हातांनी ढीग चाळायला लागली.

"आई, पिकलेल्या शेंगा कुठं हायेत?"

"ह्या काय," मामी म्हणाली. "हिरव्यागार, टोपीसकट, घट्ट. कोंब आलेला सारा माल म्या टाकला."

गोणपाटाखाली राहिल्या होत्या त्या सगळ्या कोवळ्या शेंगा, टोपी न सुटलेल्या. त्या लावल्या तर कुजतात. ज्यांची टोपी गळली, गळ्याशी पिवळं कडं आलं आणि टोकाला कोंब दिसू लागला, त्याच लावायच्या असतात. आणि नेमक्या त्याच मामीच्या तयार बोटांनी एकूण एक वेचून खाडीत सोडल्या होत्या. जवळची झाडं सुमनने आधीच ओरबाडून रिकामी केली होती. राहिलेल्या शेंगा पिकायला पावसाळा उजाडणार, आणि तेव्हा आमची माणसं स्वतःच्या आवणीत, म्हणजे भातलावणीत, असणार. म्हणजे यंदा लावणी नाही. नुसत्या मातीच्या बांधावर पुन्हा उधाणाची लाट, आणि दिवाळीला तळेवाला.

आवाज ऐकून जनाबाई बाहेर आल्या. मामी रिकामी पाटी हातात घेऊन उभी होती. मला वाटलं आता ही बाई आमच्या सात पिढ्या काढणार. मी तर उत्तरंही तयार करत होते.

"का टाकल्यास गो?" त्यांनी विचारलं.

"कोंब आल्याला माल व्हता, विहीनबाय," मामीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आमच्यात कोंब आला की माल गेला. भाताच्या लोंबीला कोंब आला तरी गेला, कांद्याला आला तरी गेला. झाडावरच कोंब आल्यालं बी चांगलं असतं, हे मला कुनी सांगितलंच न्हाई वो."

जनाबाई खाडीकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "कवा टाकल्यास? पानी चरत व्हता का उतरत?"

"भरलेलं व्हतं. काठोकाठ."

"आज भांगाचा पानी हाय," जनाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची सुस्त भरती, उधाणाच्या उलट. "जोर नाय त्याला. खारी गिलत नाय, बाय, फिरवते. वलनावर तिवर हाय ना, आमचा गेलेला सगला तिथं सापरते. नारल, चपला, एकदा होरीचा वल्हा सापरला. पानी उतरू दे. रडू नको. जेवून घे, उपाशी चिखलात उतरशील तर परशील."

दुपारपर्यंत पाणी उतरायची वाट बघत बसलो. मामी काही जेवली नाही. मामा तिच्याशेजारी जाऊन बसला आणि भाकरीचा तुकडा तिच्या हातात देऊन म्हणाला, "तुजा हात चुकला न्हाई. पीक नवं व्हतं."

ओहोटी लागली तसे सगळे निघालो, बांधावरचे पुरुषही. वळणावरचं तिवर म्हणजे जुन्या पट्टीचा उरलेला एक तुकडा, खाडी जिथे कोपर मोडते तिथे. भाताचा चिखल पाय सोडतो. हा चिखल पाय धरून ठेवतो. मी तिसऱ्याच पावलाला आडवी झाले आणि कुणी उचललंही नाही, सगळे हसत पुढे गेले. आणि मग मामीची हाक ऐकू आली.

तिवराच्या त्या हजारो बोटांमध्ये शेंगा अडकल्या होत्या. आडव्या, तिरप्या, गवताच्या काड्यांबरोबर, बाटल्यांबरोबर, सगळ्या पट्टीभर. भरतीने नेल्या, फिरवल्या आणि परत जाताना तिवरांनी चाळणीसारख्या गाळून ठेवल्या. आणि त्यांच्यामध्येच, मागच्या कुठल्या तरी सालच्या, आपल्या आपण रुजलेल्या कांदळाची दोन-दोन पानांची रोपं ताठ उभी होती. मामी एका रोपापाशी वाकली, बोटाने त्याचा कोंब चाचपला आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

बायकांनी पदर खोचून ओट्या केल्या आणि वेचायला लागल्या. सगळ्या काही सापडल्या नाहीत, बऱ्याच समुद्राला गेल्या असणार. पण ओट्या भरल्या, घमेली भरली. मामी सगळ्यांत शेवटी बाहेर आली, कमरेपर्यंत काळी, ओटी दोन्ही हातांनी धरलेली. जनाबाईंनी तिला हात देऊन बांधावर ओढून घेतलं.

लावणी

पुढचं सांगताना माझी छाती अजून फुगते, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या बायका आवणी करताना मागे मागे सरकत जातात. डाव्या हातात रोपं, उजवा हात खाली-वर. त्या बांधाबाहेरच्या चिखलात त्यांनी तशीच ओळ धरली. सुमनने एकदा दाखवलं: एका ठिकाणी एकच शेंग, कोंब वर, तिसरा हिस्सा चिखलात, हातभर अंतर. बस. भाताचा चूड लावायला चार-पाच रोपं एकत्र धरायची सवय, म्हणून पहिल्या ओळीत दोघी-तिघींनी जुड्या लावल्या. मामी ओरडली, "एकेक! पोरं हायेत ती, गवात न्हाई!" त्यानंतर कुणी चुकलं नाही. कुणीतरी आवणीचं गाणं धरलं आणि मागे सरकणाऱ्या त्या रांगेकडे बघायला गाव बांधावर जमलं. ज्यांची शेतं तळी झाली तेही आले.

"कुठली मानसा ही?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

जनाबाई चिखलात उतरल्या होत्या, मामीच्या शेजारची ओळ धरून. वर न बघता त्यांनी मोठ्याने सांगितलं, "माझे व्याही हान. आहुप्याचे. घाट उतरून आल्यान."

मी तेव्हा घमेलं घेऊन उभी होते. आहुपे हे नाव आमच्या तालुक्यातल्या लोकांनाही कधी कधी समजावून सांगावं लागतं. ते नाव कोकणातल्या एका बांधावर असं खणखणीत ऐकलं आणि मला रडू आलं. खाऱ्या पाण्यात थोडं आणखी खारं पाणी, कुणाला कळलंही नाही.

पाणी परत चढेपर्यंत लावणी चालली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला उरलेली पट्टी लावली आणि पुरुषांनी बांधाचं तोंड दगडाने बंद केलं. मामाने बांधावर चालून बघितलं, एका ठिकाणी टाच आपटली, म्हणाला, "हा मी घातल्याला बांध. ह्याच्यातनं पानी आलं तर मला सांगायचं."

परत

घाट चढून जायची ताकद कुणातच नव्हती. कल्याणहून माळशेजमार्गे एसटी मिळते, ओतूरला उतरवते. तुम्हीही परतताना तीच घ्या, खिडकी डाव्या बाजूची. ओतूर स्टँडवर उतरलो तेव्हा सगळ्यांच्या अंगाला अजून खाडीचा वास येत होता आणि बाकावरचे प्रवासी लांब सरकून बसत होते. मामी मात्र राणीसारखी बसली होती. तिथून नारायणगाव, मंचर, घोडेगाव असं करत घरी पोहोचलो. मंडळी रात्री शिनोलीलाच राहिली, आणि माझ्या न्हाणीघरात चिखलाचा जो थर साचला त्यावर भात लावता आला असता.

या सहलीतून काय राहिलं? पायांवर तिवराच्या मुळ्यांचे ओरखडे होते, ते गेले. खारट पानाची चव गेली. राहिलं ते हे, की आमची माणसं जिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे गेली, चुकली, चूक निस्तरली आणि काम पुरं करूनच उठली. मला नोकरीच्या ठिकाणी कुणी "तुम्ही डोंगराकडचे का?" असं नाक मुरडून विचारलं की पूर्वी मी विषय बदलायची. आता सविस्तर सांगते, ऐकणारा कंटाळला तरी सांगते.

पावसाळ्यात सुमनचे फोन येत राहिले. आषाढातल्या उधाणात बांध एका जागी पाझरला, पण फुटला नाही. लावलेल्यातली बरीच रोपं लाटांनी नेली, काहींवर शेवाळ चढलं. तरी ओळ दिसते म्हणाली, उभी आहे, आणि एकेकाला चार-चार पानं आली आहेत. आत भात झालं. गेल्या पावसाळ्याचं मीठ अजून जमिनीत आहे, त्यामुळे पीक बेताचंच, पण भातच.

दिवाळीच्या आधी धोंडूमामा बाजाराला घोडेगावला आला होता आणि दुपारी माझ्याकडे जेवायला थांबला होता. फोन वाजला. सुमन नव्हती, जनाबाई होत्या.

"धोंडूव्याही हान का तिथं? त्यांना दे."

मी फोन मामाच्या कानाला लावला आणि आवाज मोठा केला. मोबाइलवर बोलायचं म्हणजे मामा ताठ उभा राहतो.

"व्याही," जनाबाई म्हणाल्या, "तलेवाला ओट्यावर बसलाय. शेत मागते. मी त्याला सांगितला, शेत माझा हाय, पन भायेरची झारा माझ्या व्याह्यांनी लावलीन. तल्यात खारीचा पानी घ्यायचा तर झारा कापावी लागतील. त्यांना इचारल्याबिगर मना देता येनार नाय. म्हनून इचारते. देऊ का?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला. मामाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई म्हनावं त्याला."

"आयकलास ना?" जनाबाई पलीकडे त्या माणसाला विचारत होत्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, "गेला."

मामा परत पाटावर बसला आणि त्याने माझ्याकडे भात मागितला.